पानिपत ते औरंगाबाद : काशिदाचे नऊ दिवस

आज दिल्लीहून निघालेलें विमान सुमारें दोन तासांत औरंगाबादेस, म्हणजे २०२३ पासून ज्यास छत्रपति संभाजीनगर हें नांव आहे त्या शहरास, चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरतें. दोन्ही विमानतळांमधील सरळ रेषेचें अंतर सुमारें ९८० किलोमीटर भरतें. याच वाटेनें इ.स. १७६१ च्या जानेवारींत एक काशीद धांवत होता. त्याच्यापाशीं एक साहुकारी पत्र होतें, आणि त्या पत्रांत पानिपतच्या नाशाचें वर्तमान मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक हिशेबानें लिहिलेलें होतें. पत्र जावयाचें औरंगाबादेच्या साहुकारांकडे. परंतु वाटेंत तें पेशव्यांच्या लष्कराच्या हातीं लागलें, फोडलें गेलें, आणि आपला पुत्र व चुलतबंधु गेल्याचें नानासाहेबांस त्यावरून कळलें. ग्रांट डफचा इतिहास १८२६ सालीं छापला गेल्यापासून ही हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. काशीद पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोंचण्याच्या करारानें नेमलेला होता, असेंही डफ तेथेंच सांगतो. पत्रांतील मोत्यांचा अर्थ लावण्यांत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. या नऊ दिवसांचा हिशेब मात्र कोणीं घातलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो घालून पाहिला असतां कांहीं गोष्टी बदलतात, म्हणून हा प्रपंच.

प्रथम अंतराचा विचार करूं. जुन्या वाटांचीं अंतरें काढतांना विमानाच्या रेषेचा उपयोग काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. उपयोग एवढाच कीं, ती रेषा अंतराची खालची मर्यादा होय. कोणताही जासूद, कितीही चपळ असला तरी, त्याहून कमी वाट चालूं शकत नाहीं. पानिपत ते औरंगाबाद ही रेषा सुमारें १०७० किलोमीटर आहे. पानिपत ते भेलसें, ज्यास आतां विदिशा म्हणतात, ही सुमारें ६५० किलोमीटर. या दोन आंकड्यांविषयीं वाद नाहीं. वाद पुढें आहे.

कालाविषयींही एक सूचना येथेंच देऊन ठेवतों. वेळापत्रकांतील दोन तासांनीं ९८० किलोमीटरांस भागिलें तर विमानाचा वेग तासीं ४९० किलोमीटर येतो. वास्तविक आकाशांत चढल्यावर तें तासीं ८०० किलोमीटरांच्या आसपास चालतें. उरलेला वेळ धांवपट्टीवर, चढण्यांत, उतरण्यांत व वाट पाहण्यांत जातो. लष्कराच्या मजलांचेंही असेंच आहे. भाऊसाहेब परतुडाहून १७६० च्या मार्चच्या मध्यास निघाले व ऑगस्टच्या आरंभीं दिल्लींत शिरले. सरळ रेषेचें अंतर सुमारें १००० किलोमीटर, दिवस सुमारें १४०. म्हणजे रोज सात किलोमीटर पडले. यावरून मराठी फौज दिवसास सातच किलोमीटर चालत असे असें अनुमान कोणी काढील तर तें हास्यास्पद होईल. त्या १४० दिवसांत मुक्काम आले, वसुली आली, राजकारणें आलीं आणि पावसाळ्यांतील नद्या आल्या. सरासरी काढणें सोपें आहे. सरासरींत काय काय पोटांत घातलेलें आहे हें पाहणें अवघड.

आतां वाट. पानिपताहून दिल्ली, तेथून मथुरा-आग्रा, धोलपुराजवळ चंबळा उतरून ग्वाल्हेर, मग नरवर, सिरोंज, भेलसें; पुढें हंडियाच्या किंवा होशंगाबादच्या घाटानें नर्मदा, मग बऱ्हाणपुरावरून तापी, आणि अजिंठ्याच्या घाटानें औरंगाबाद. दक्षिणेची पातशाही वाट स्थूल मानानें हीच. तिचीं वळणें धरून पानिपत ते भेलसें सुमारें ७९० किलोमीटर व भेलसें ते औरंगाबाद आणखी सुमारें ५६० किलोमीटर होतात, असा आमचा अदमास आहे. एकंदर साडेतेराशें. यांत पांचपन्नास किलोमीटरांची चूक निघाली तरी पुढील विवेचनास बाध येत नाहीं.

हेंच अंतर कोसांत सांगूं गेल्यास मात्र घोटाळा होतो. आमच्याकडील कोस दोन मैलांचा धरतात, म्हणजे सव्वातीन किलोमीटरांस थोडा कमी. अकबरानें ठरविलेला कोस पांच हजार इलाही गजांचा होता, व दिल्ली-कर्नाळ वाटेवर जे कोसमिनार अद्याप उभे आहेत त्यांवरून तो चार किलोमीटरांहून कांहींसा मोठा ठरतो. तेव्हां तीच साडेतेराशें किलोमीटरांची वाट दक्षिणी मनुष्याच्या लेखीं सव्वाचारशें कोस, आणि पातशाही हिशेबानें सव्वातीनशेंच. हिंदुस्थानांतून लिहिणारा वकील तिकडील कोस लिहितो कीं इकडील, हें पत्रावरून बहुधा कळत नाहीं. म्हणूनच जुन्या कागदांतून अंतर काढावयाचें तर कोसांपेक्षां दिवसांवर अधिक भरंवसा ठेवावा, अशी आमची रीत आहे. दिवस सर्वत्र सारखाच असतो.

साडेतेराशें किलोमीटरांस नऊ दिवसांनीं भागिलें म्हणजे रोजचे दीडशें किलोमीटर होतात. एकट्या पायीं चालणाऱ्या काशिदानें एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हेत, ओळीनें नऊ दिवस दीडशें किलोमीटर चालावें, ही गोष्ट मनुष्याच्या शरीरास झेपणारी नाहीं. याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी मजल रोज झाली तरी ती चांगली म्हणावी. सांडणीस्वारही एकाच सांडणीवर हें साधूं शकणार नाहीं. टप्पे बांधून, म्हणजे ठरलेल्या ठिकाणीं नवा मनुष्य उभा ठेवून, रात्रंदिवस डाक चालविली तर मात्र हें होण्यासारखें आहे. चोवीस तासांत दीडशें किलोमीटर म्हणजे तासीं सवासहा. ताज्या दमाच्या मनुष्यास पांचसात कोसांच्या टप्प्यांत एवढा वेग राखतां येतो. ऋतूही अनुकूल होता. पौषांत चंबळेस व नर्मदेस उतार मिळतो. श्रावणांत ज्या नद्या लष्करास अडवून धरतात त्याच पौषांत काशिदास फार खोटी करीत नाहींत. तेव्हां डफचे नऊ दिवस खरे मानावयाचे असतील तर साहुकारांची टप्प्यांची डाक मानली पाहिजे, आणि पेशव्यांच्या लोकांनीं धरलेला काशीद पानिपताहून निघालेला मनुष्य नसून साखळींतील एक कडी होता असें म्हटलें पाहिजे. काशीद एकच होता असा हट्ट असेल तर नऊ दिवस सोडून द्यावे लागतील. दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहींत.

युद्ध झालें पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवारीं, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं. पत्र पेशव्यांस मिळालें तें २४ जानेवारीस भेलशाच्या मुक्कामीं, असें सरदेसाईप्रभृति इतिहासकारांनीं दिलें आहे. दहा दिवस झाले. यावर सामान्यतः असें चित्र काढण्यांत येतें कीं, रणांत धूळ बसते न बसते तोंच काशीद दक्षिणेकडे निघाला व दहाव्या दिवशीं भेलशास सांपडला. हिशेब काय सांगतो पहा. नऊ दिवसांच्या कराराचा वेग धरला तर पानिपत ते भेलसें हे ७९० किलोमीटर सव्वापांच दिवसांचें काम. १४ तारखेच्या रात्रीं निघालेला टप्पा २० तारखेसच भेलशावरून जावयास पाहिजे होता, आणि २४ तारखेस तो औरंगाबादेच्या दाराशीं येऊन ठेपावयास पाहिजे होता. २४ तारखेस तो भेलशासच होता, या अर्थी एक तर त्याचा वेग कराराहून फार कमी होता, नाहीं तर तो १४ तारखेस निघालाच नव्हता. कराराप्रमाणें मागें मोजीत गेलें तर निघण्याचा दिवस १८ किंवा १९ जानेवारी येतो.

आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, आणि त्याचें कारण वाटेंत नसून पत्रांतच आहे. पत्र दोन मोती गेल्याचें निश्चयानें सांगतें आणि मोठ्या मोहरांची संख्या सत्तावीस अशी मोजून देतें. ही बेरीज १४ तारखेच्या संध्याकाळीं कोणास करतां आली असती? विश्वासराव पडल्याचें रणांतच कळलें होतें, हें खरें. भाऊसाहेबांचें तसें नव्हतें. सुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजानें पुढें १७८० च्या सुमारास जी फारसी हकीकत लिहिली तींत रणांगणावर शवांचा शोध कसा चालला होता, भाऊसाहेबांचें धड मागाहून कसें सांपडलें व ओळखीकरितां काय खटपट झाली, हें सर्व आलें आहे. त्या ओळखीनंतरही लोकांचा संशय किती राहिला होता याची साक्ष भाऊसाहेबांच्या तोतयाचें प्रकरण देतें. तो तोतया १७७६ त मारला गेला, म्हणजे पंधरा वर्षें हा संशय जिवंत होता. जनकोजी शिंदे व इब्राहिमखान गारदी हे जिवंत धरले गेले व नंतर मारले गेले. समशेर बहाद्दर जखमी होऊन सुरजमल जाटाच्या मुलखांत पोंचला व तेथें वारला. मल्हारराव होळकर निघून गेले; महादजी पायास जखम घेऊन वांचले. अशा स्थितींत कोण गेला व कोण राहिला याची यादी बनविण्यास दोन, तीन, चार दिवस सहज लागले असतील. सत्तावीस हा आंकडा बरोबर होता कीं चूक, हा प्रश्न निराळा. परंतु तो रणांत उभें राहून लिहिलेला आंकडा नव्हे. तो पेढीवर बसून, येणाऱ्या पळपुट्यांच्या तोंडच्या बातम्या ताडून लिहिलेला आंकडा आहे. साहुकार खात्रीवांचून खर्चाची डाक सोडीत नसतो.

ही पेढी पानिपतासच होती कीं दिल्लीस, हेंही ठरविण्याची गरज नाहीं. पानिपत ते दिल्ली सुमारें ९० किलोमीटर. टप्प्यांच्या डाकेस पाऊण दिवसाचेंही काम नाहीं. पत्र दिल्लीहून निघालें असें धरलें तरी निघण्याचा दिवस अर्ध्याएक दिवसानें पुढें सरकेल, इतकेंच. आमच्या मतें पत्र १६ ते १९ जानेवारी या चार दिवसांत केव्हां तरी निघालें. १६ तारीख धरली तर डाक कराराहून मंद चालली. १९ धरली तर करार अक्षरशः पाळला गेला. याहून बारीक निर्णय उपलब्ध आंकड्यांवरून होत नाहीं.

आतां डफच्या दुसऱ्या विधानाकडे वळूं. त्याच्या मतें पेशव्यांचें लष्कर नर्मदा उतरत असतां काशीद सांपडला. नर्मदा व भेलसें या दोहोंत वाटेनें शंभरसवाशें किलोमीटरांचें, हंडियाचा घाट धरल्यास दीडशेंहूनही अधिक अंतर आहे. नानासाहेबांचें लग्न २७ डिसेंबर १७६० रोजीं पैठणास झालें. पैठण ते भेलसें सरळ रेषेनें सुमारें ५१५ किलोमीटर. २४ जानेवारीपर्यंतचे दिवस अठ्ठावीस. म्हणजे रेषेच्या मापानें रोजचे अठरा-एकोणीस किलोमीटर पडतात. कुटुंबकबिला व बाजारबुणगे घेऊन चालणाऱ्या लष्करास ही चाल कांहीं कमी नव्हे. याच चालीनें मागें गेलें तर पेशवे नर्मदेवर असावेत ते सोळा ते वीस जानेवारीच्या दरम्यान. सोळा तारखेस पत्र नर्मदेवर आलें म्हणणें म्हणजे काशिदानें साडेनऊशें किलोमीटर दोन दिवसांत तोडले असें म्हणणें आहे. वीस तारीख घेतली तरी रोजचे दीडशेंहून बरेच अधिक किलोमीटर पडतात, आणि तेही युद्धाच्या रात्रींच निघाला असें धरून. तें तर पत्रांतील मजकुराशीं जुळत नाहीं. अर्थात् भेलशाचा मुक्काम हाच ग्राह्य. डफनें नर्मदेचें नांव स्थूल मानानें घेतलें असावें, किंवा लष्कराची पिछाडी अद्याप नदीवर असेल. त्याच्याविषयीं आमचा आदर यामुळें कमी होत नाहीं. पण ज्या लेखकांनीं भेलशाची तारीख व नर्मदेचें पाणी एकाच वाक्यांत घालून करुणरस साधला आहे, त्यांनीं नकाशा उघडावा.

असे हिशेब करतांना एका दिवसाची चूकही किती महाग पडते हें वरील उदाहरणावरून दिसून येईल. दहा दिवसांत एक दिवस म्हणजे दशांश. आणि एका दिवसाची चूक आमच्या कागदांत पावलोपावलीं दबा धरून बसलेली असते. आरबी तारीख सूर्यास्तापासून सुरू होते व महिना चंद्रदर्शनावर अवलंबून असतो. पानिपतच्या दिवसासच जमादिलाखराची कोणी सहावी तारीख म्हणेल, कोणी सातवी. मोडकांची जंत्री किंवा स्वामीकन्नू पिल्लै यांचें पंचांग पाहून इंग्रजी तारीख काढणारा मनुष्य तिथि, वार व चंद्र हे तिन्ही मेळवून न पाहील तर ही एक दिवसाची खोट तशीच राहते. त्याहून मोठा फेर पश्चिम किनाऱ्यावर आहे. इंग्रजांनीं नवें पंचांग १७५२ त घेतलें. पोर्तुगीज तें १५८२ पासून चालवीत आले होते. वसईचा तह इंग्रजांच्या कागदीं ५ मे १७३९ चा व फिरंग्यांच्या कागदीं १६ मेचा दिसतो तो यामुळेंच. त्या काळांत मुंबईहून गोव्यास गेलेलें पत्र जेवढ्या दिवसांत खरोखर पोंचलें त्यांत तारखांवरून अकरा दिवस अधिक दिसतात. आणि गोव्याहून मुंबईस आलेलें जलद पत्र तर लिहिण्यापूर्वींच पोंचल्यासारखें दिसतें. दुसरी गोष्ट हंसूं आणते म्हणून ती लगेच ध्यानांत येते. पहिली पचून जाते, आणि त्या अकरा दिवसांवर डाकेच्या मंदपणाचीं अनुमानें उभारलीं जातात.

या सर्वांवर आमच्या पूर्वजांनीं एक साधा तोडगा करून ठेवला होता. पत्र पावलें म्हणजे त्याच्या पाठीवर पैवस्तीची तारीख टांकावयाची. आंत रवानगीची तारीख, पाठीवर पैवस्तीची. दोहोंची वजाबाकी केली कीं त्या वाटेचा त्या ऋतूंतील काल हातीं येतो. दिल्लीहून पुण्यास येणाऱ्या वकिलांच्या पत्रांवर, विशेषतः हिंगणे यांच्या दप्तरासारख्या संग्रहांत, अशा नोंदी वेंचून त्यांचें महिनेवार कोष्टक केल्यास, ज्या पत्रांवर एकच तारीख आहे किंवा नुसताच चंद्र आहे, त्यांचा काळ ठरविण्यास तें फार उपयोगी पडेल. नकल करतांना मात्र ही पाठीवरची ओळ पहिल्यानें गळते. मजकूर संपला कीं कारकुनाचें काम संपलें. लखोटा तर कोणी ठेवीतच नाहीं. आमचे कित्येक संग्राहक मित्र तिकिटांचाही संग्रह करतात. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेहून नैनीस विमानानें जीं सुमारें साडेसहा हजार पत्रें गेलीं, त्यांपैकीं एखादा लखोटा त्यांस मिळाला तर ते त्यावरील शिक्का भिंगानें पाहतात व त्यास धक्का लावूं देत नाहींत. तेथें अंतर होतें दहा किलोमीटरांचें. भेलशावरून पुण्यास आलेल्या पत्राच्या पाठीसही तेवढाच मान द्यावा, इतकेंच आमचें मागणें आहे.

राहतां राहिला पत्राचा शेवटचा टप्पा. तें भेलशास अडलें, औरंगाबादेस गेलें नाहीं. परंतु एका साहुकाराचें पत्र अडलें म्हणून सर्वांचीं अडलीं असें नव्हे. ज्या पेढ्यांचा पैसा फौजेच्या हुंड्यांत गुंतलेला होता त्यांनीं स्वतंत्र काशीद जोडले असणारच. आमचा हिशेब खरा असेल तर अशीं पत्रें औरंगाबादेस २५ ते २८ जानेवारीच्या आसपास, म्हणजे पौष वद्य पक्षाच्या मध्यास, पावलीं असलीं पाहिजेत. युद्धाच्या रात्रींच डाक सुटली होती असें मानणाऱ्यांचा पक्ष खरा असेल तर २३-२४ तारखेसच तीं पावलीं. याचा निकाल इतिहासाच्या ग्रंथांत नाहीं, वह्यांत आहे. हिंदुस्थानच्या हुंड्यांची हुंडणावळ ज्या दिवशीं एकाएकी चढली किंवा ज्या दिवशीं दिल्लीवरील हुंडी घेणें बंद झालें, तोच वर्तमान पोंचल्याचा दिवस. औरंगाबाद, पैठण, बऱ्हाणपूर येथील जुन्या पेढ्यांच्या रोजकीर्दी व खतावण्या ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीपासून माघ शुद्ध पौर्णिमेपर्यंतचीं पानें काढून पाहावीं, आणि हिंदुस्थानच्या हुंडीची एखादीही कलम आढळल्यास, तारीख, वार व भाव यांसह, मूळ मोडीची नक्कल मंडळाकडे पाठवावी. पान फाटकें असलें तरी चालेल. पाठीवर कांहीं असल्यास तेंही उतरून घ्यावें.